वृत्तालेख काढण्याआधी 'एकूण' म्हणजे काय ते ठरवा

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. तुम्ही एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार आहात आणि सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी अहवाल तयार करीत आहात. 'सभासद आकड्यांची पाने उलटून टाकतात, एक पाय चार्ट टाका' असे समितीने सुचवले आहे. खर्चाची चौदा खाती एका वर्तुळात घातल्यावर नावे एकमेकांवर चढतात, गेल्या वर्षीचे वर्तुळ शेजारी ठेवूनही फरक कळत नाही आणि टक्क्यांची बेरीज 101 येते. रंग कोणते घ्यावेत आणि त्रिमितीय प्रकार वापरावा का, हे तुम्ही विचारले आहे.

रंगांचे उत्तर मी शेवटी देईन, कारण अडचण रंगांपाशी नाही. तुम्ही एकाच वर्तुळाकडून तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे मागत आहात: पैसा मुख्यतः कुठे गेला, गेल्या वर्षीपेक्षा काय बदलले आणि प्रत्येक खात्यावर नेमकी किती रक्कम पडली. वृत्तालेख, म्हणजे आपण ज्याला सर्रास पाय चार्ट म्हणतो तो, यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्यासाठी स्तंभालेख लागतो आणि तिसऱ्यासाठी साधा तक्ता. संस्था, न्यास, पतसंस्था यांच्या अहवालांसाठी तक्ते आणि आलेख तयार करणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, आणि आलेख फसतो तेव्हा बहुतेक वेळा हीच गल्लत सापडते. तुमच्या सभेत कोणता विषय तापलेला आहे, अहवाल छापून देणार की पडद्यावर दाखवणार, यांवर काही गोष्टी अवलंबून आहेत. त्या जिथे येतील तिथे सांगतो.

वृत्तालेखाची कृती आपण सगळ्यांनी दहावीच्या बीजगणितात केलेली असते. घटकाची किंमत भागिले एकूण, गुणिले 360, की त्या घटकाचा केंद्रीय कोन मिळतो. एक टक्का म्हणजे 3.6 अंश. या सूत्रात वरची संख्या सगळे काळजीने भरतात. छेदातली संख्या, म्हणजे 'एकूण', मात्र आपोआप आल्यासारखी धरली जाते आणि संगणकावर तर ती दिसतसुद्धा नाही. तुम्ही निवडलेल्या रकान्यातल्या आकड्यांची बेरीज करून एक्सेल गुपचूप तिलाच शंभर टक्के मानते. पूर्ण वर्तुळ डोळ्यांसमोर आले की वाचणारा समजतो, 'हे सगळे आहे, याबाहेर काही नाही.' हे विधान खरे आहे का, याची जबाबदारी आलेख काढणाऱ्याची असते.

हे किती महत्त्वाचे आहे, ते केंद्रीय अर्थसंकल्पाच्या उदाहरणावरून दाखवतो. दरवर्षी 'रुपया कुठून येतो आणि कुठे जातो' हे सांगणारी दोन वर्तुळे प्रसिद्ध होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ती हमखास छापली जातात. 2025-26 च्या वर्तुळात व्याजावर 20 पैसे जातात असे दाखवले होते. त्याच अर्थसंकल्पातला एकूण खर्च सुमारे 50.65 लाख कोटी रुपये. आता एखाद्या चौकस वाचकाने 50.65 चे 20 टक्के काढले, तर त्याला व्याज 10.13 लाख कोटी मिळेल. प्रत्यक्षात अर्थसंकल्पातली व्याजाची तरतूद सुमारे 12.76 लाख कोटींची आहे. अडीच लाख कोटींहून अधिक रकमेचा हा फरक कुठून आला? वर्तुळ चुकलेले नाही. त्या वर्तुळात राज्यांना मिळणारा करांचा वाटाही एक पाकळी म्हणून धरलेला आहे, आणि हा सुमारे 14.22 लाख कोटींचा वाटा केंद्राच्या 50.65 लाख कोटींच्या खर्चात मोजलेलाच नसतो. दोन्ही मिळून 'एकूण' होते सुमारे 64.87 लाख कोटी, आणि 12.76 हे त्याचे 20 टक्क्यांच्या जवळपास येतात. केंद्राच्या स्वतःच्या खर्चाशी तेच व्याज ताडून पाहिले, तर ते 25 टक्क्यांच्या वर जाते. रक्कम एकच, दोन्ही टक्केवाऱ्या बरोबर, पण एकात व्याज पंचमांश दिसते आणि दुसऱ्यात चतुर्थांश. कोणते एकूण घेतले आहे ते वर्तुळाजवळ लिहिलेले नसेल, तर प्रामाणिक वाचकसुद्धा चुकीच्या निष्कर्षाला पोहोचतो.

तुमच्या अहवालात नेमका हाच प्रसंग येणार आहे. तुम्ही खात्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात सुरक्षारक्षकांचे वेतन, सामाईक वीज, पाणीपट्टी, मालमत्ता कर, लिफ्टची देखभाल यांच्या रांगेत सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीही आहेत. हे दोन्ही सभासदांकडून गोळा करून राखून ठेवलेले पैसे आहेत. ते ताळेबंदात निधी म्हणून दिसतात, ते त्या वर्षी कुणाला दिलेले नसतात. त्यांना खर्चाच्या वर्तुळात बसवले, की बाकीच्या सगळ्या पाकळ्या आक्रसतात आणि वीज किंवा सुरक्षा यांवर प्रत्यक्षापेक्षा कमी भाग खर्च झाला असे चित्र उभे राहते. उलट 'सभासदाने दिलेल्या मासिक रकमेचे काय होते' हे तुम्हाला दाखवायचे असेल, तर निधींची पाकळी हवीच, कारण त्या रकमेचा तो खराच भाग आहे. दोन्ही वर्तुळे योग्य आहेत. त्यांची शीर्षके मात्र वेगळी. पहिल्यावर '2024-25 मधील प्रत्यक्ष खर्च, निधींतील वर्गणी वगळून' असे लिहा आणि दुसऱ्यावर 'सभासदांकडून जमा झालेल्या मासिक शुल्काची विभागणी'. दोन्हीखाली एकूण रक्कम रुपयांत द्या. नुसते 'खर्चाचा आलेख' हे शीर्षक पुरेसे नाही.

एकूण ठरवले की तीन गोष्टी तपासून घ्या. एकच रक्कम दोन पाकळ्यांत पडलेली नसावी: पंपाच्या विजेचे बिल 'वीज' आणि 'पाणी' या दोन्हींत विभागून मोजले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. कोणतीही किंमत उणे नसावी, कारण तूट किंवा परतावा पाकळी म्हणून काढताच येत नाही. आणि सगळे भाग मिळून खरोखर एकूण भरले पाहिजे. सभासदांना 'तुमच्या अडचणी कोणत्या' असे विचारून पाणी, पार्किंग, लिफ्ट यांपैकी कितीही पर्यायांवर खूण करायची मुभा दिली, तर टक्क्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाईल; अशा उत्तरांसाठी वृत्तालेख काढूच नये. छापील स्वरूपातला पहिला वृत्तालेख म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो 1801 साली विल्यम प्लेफेअर याने काढला. त्यात त्याने तुर्की साम्राज्याचा भूभाग आशिया, युरोप आणि आफ्रिका अशा तीन पाकळ्यांत वाटून दाखवला होता. तीन भाग, परस्परांत न मिसळणारे आणि मिळून पूर्ण साम्राज्य होणारे. दोनशेहून अधिक वर्षांनंतरही चांगल्या वृत्तालेखाच्या अटी याच आहेत.

आता डोळा काय वाचतो ते पाहू. वर्तुळात आपल्याला सहज ओळखता येणाऱ्या खुणा फार थोड्या असतात: अर्धे वर्तुळ आणि काटकोन, म्हणजे पन्नास आणि पंचवीस टक्के. पाकळी या खुणांच्या आसपास असेल, तर वृत्तालेख फार प्रभावी ठरतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची 45.22 टक्के लोकसंख्या नागरी होती, गोव्याची 62.17 टक्के आणि देशाची सुमारे 31 टक्के. या तिन्हींची दोन-दोन पाकळ्यांची वर्तुळे शेजारी ठेवली, तर एकही आकडा न वाचता कळते की गोवा अर्ध्याच्या पुढे गेला आहे, महाराष्ट्र अर्ध्याच्या किंचित अलीकडे आहे आणि देश बराच मागे आहे. इथे स्तंभालेखापेक्षा वर्तुळ सरस आहे, असे माझे मत आहे, कारण 'अर्धे' ही खूण वर्तुळात उपजतच असते. आणखी एक गुण म्हणजे, लगतच्या दोन पाकळ्यांची बेरीज डोळा आपोआप करतो. वेतन आणि वीज मिळून निम्म्याहून जास्त खर्च होतो, ही गोष्ट वर्तुळात दिसते. सुट्या स्तंभांत ती मनात मांडावी लागते.

पण खुणांपासून दूर गेलो की डोळा चाचपडतो. 17 आणि 18 टक्क्यांच्या पाकळ्यांमध्ये 3.6 अंशांचा फरक असतो, आणि त्या वर्तुळाच्या दोन टोकांना असतील तर मोठी कोणती हे आकडा वाचल्याशिवाय सांगता येत नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही हेच आढळले: समान पट्टीवरील स्थानांची तुलना माणूस कोनांच्या तुलनेपेक्षा अधिक अचूक करतो. आडवे स्तंभ एकाच रेषेपासून सुरू होतात, म्हणून त्यांत एका टक्क्याचाही फरक टोकाशी दिसतो.

दोन वर्षांची तुलना वर्तुळात का दिसत नाही, हे पुन्हा अर्थसंकल्पातूनच समजते. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पातील 'रुपया येतो' या वर्तुळात कर्ज व इतर दायित्वे 27 पैसे आणि प्राप्तिकर 19 पैसे होता. फेब्रुवारी 2025 मध्ये हे आकडे 24 आणि 22 झाले. वस्तू व सेवा कर 18, कंपनी कर 17, करेतर महसूल 9, अबकारी शुल्क 5, सीमाशुल्क 4 आणि कर्जेतर भांडवली जमा 1, हे सहाही वाटे जसेच्या तसे राहिले. म्हणजे संपूर्ण चित्रात एकच हालचाल झाली: कर्जाचे तीन पैसे कमी झाले आणि प्राप्तिकराचे तीन पैसे वाढले. ही मोठी बातमी आहे. पण दोन्ही वर्तुळे शेजारी ठेवून पाहा, ती निसटते. कर्जाची पाकळी 97.2 अंशांवरून 86.4 अंशांवर आली, म्हणजे काटकोनाच्या थोडी पुढून थोडी मागे, आणि तिच्यामागून येणाऱ्या, मुळीच न बदललेल्या पाकळ्याही जागेवरून सरकल्या. डोळा जागा बदललेली पाहतो आणि आकार बदलला असे समजतो. हेच आठ वाटे आडव्या जोडस्तंभांत, म्हणजे प्रत्येक वाट्याचे दोन वर्षांचे स्तंभ लगत ठेवून, काढले, तर सहा जोड्या अगदी समान दिसतात आणि दोनच वेगळ्या. सांगायचे ते एका दृष्टिक्षेपात सांगून होते.

वर्तुळ आणखी एक गोष्ट झाकते, ती म्हणजे एकूण रकमेतला बदल. तुमच्या संस्थेचा खर्च एका वर्षात बराच वाढला असेल आणि सुरक्षेचा वाटा तेवढाच राहिला असेल, तर पाकळी जशीच्या तशी दिसेल. सभासदाने भरलेले पैसे मात्र वाढलेले असतील. यावर उपाय म्हणून काही जण मोठ्या वर्षाचे वर्तुळ मोठे काढतात. ते करायचे असेल तर क्षेत्रफळ रकमेच्या प्रमाणात हवे, त्रिज्या नव्हे. महाराष्ट्राची लोकसंख्या 2011 मध्ये गोव्याच्या सुमारे 77 पट होती. वर्तुळे काढताना महाराष्ट्राची त्रिज्या गोव्याच्या सुमारे 8.8 पट घ्यावी लागेल, 77 पट नाही. पण एवढी काळजी घेऊनही वर्तुळांच्या क्षेत्रफळांची तुलना डोळ्याला नीट जमत नाही. वर्षांच्या तुलनेसाठी माझ्या अहवालांत वर्तुळ नसते.

पाकळ्या किती असाव्यात याचा कोणताही कायदा नाही. माझा अनुभव पाच-सहाच्या पुढे जाऊ नये असा आहे. अर्थसंकल्पाच्या वर्तुळांत आठ-नऊ पाकळ्या असतात, पण तिथे लोक प्रत्यक्षात पैशांचे आकडे वाचतात, पाकळ्या नव्हे. दोन निधी बाजूला ठेवले, की तुमच्या चौदांपैकी उरलेली खाती पाच गटांत सहज बसतात: सुरक्षा, सफाई व व्यवस्थापकाचे वेतन; पाणी आणि सामाईक वीज; महापालिकेचे कर; लिफ्ट, पंप व इमारतीची देखभाल; आणि कार्यालय, विमा, लेखापरीक्षण. गट करताना खात्यांचा स्वभाव पाहा. लहान आहेत म्हणून असंबद्ध खाती 'इतर'मध्ये लोटू नका. 'इतर' ही पाकळी चौथ्या-पाचव्या क्रमांकाएवढी मोठी झाली, की सभेत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो, आणि तो रास्त असतो.

इथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. वृत्तालेखात लहान वाटा क्षुल्लक वाटतो. हवेत नायट्रोजन सुमारे 78 टक्के, ऑक्सिजन सुमारे 21 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के. त्याचा केंद्रीय कोन सुमारे 0.15 अंश येतो, म्हणजे छापील वर्तुळात ती पाकळी काढताच येणार नाही. पण पृथ्वीच्या तापमानवाढीची बरीचशी चर्चा त्याच वायूभोवती आहे. तुमच्या खर्चात अग्निशमन यंत्रणेची देखभाल ही अशीच बाब आहे. ती वर्तुळात शोधत बसण्यापेक्षा एका स्वतंत्र वाक्यात लिहा: किती खर्च झाला, तपासणी केव्हा झाली, पुढची केव्हा आहे.

आता बेरीज 101 का येते ते. समजा वाटे 41.7, 27.6, 17.5 आणि 13.2 टक्के आहेत. बेरीज बरोबर 100. पूर्णांकात आणल्यावर ते 42, 28, 18 आणि 13 होतात, आणि बेरीज 101. यात हिशेबाची चूक नाही. तीन आकडे वर ढकलले गेले आणि एकच खाली आला. मार्ग दोन आहेत. पहिला असा, की सगळ्यांचा फक्त पूर्ण भाग घ्यायचा, म्हणजे 41, 27, 17, 13, बेरीज 98. उरलेले दोन टक्के ज्यांचे अपूर्णांक सर्वांत मोठे त्यांना एकेक द्यायचे: 42, 28, 17, 13. बेरीज 100. दुसरा असा, की नेहमीप्रमाणे पूर्णांक करून खाली 'पूर्णांकात दिल्यामुळे बेरीज 100 येत नाही' अशी टीप द्यायची. सभासदांच्या सभेसाठी मी दुसरा पसंत करतो, कारण पहिल्या पद्धतीत 17.5 चे 17 होतात आणि गणकयंत्र घेऊन बसलेला सभासद त्यावर बोट ठेवतो. तेव्हा द्यावे लागणारे स्पष्टीकरण टिपेपेक्षा लांब असते. कोणताही मार्ग घेतला तरी पाकळीचा कोन मूळ रुपयांवरून काढा, पूर्णांक केलेल्या टक्क्यांवरून नको. एक्सेलला टक्क्यांऐवजी रकमांचा रकाना दिलात की हे आपोआप होते.

त्रिमितीय प्रकार मात्र कृपया वापरू नका, आणि याबाबत मी परिस्थितीनुसार वगैरे म्हणणार नाही. वर्तुळ मागे कलवून त्याची उंची निम्मी केली, तर समोर, मधोमध असलेली 25 टक्क्यांची पाकळी 90 ऐवजी सुमारे 127 अंशांची दिसते आणि तेवढीच पाकळी बाजूला असेल तर सुमारे 53 अंशांची. शिवाय समोरच्या पाकळीला जाडीची भिंत मिळते, ती वेगळीच. सारखा खर्च असलेली दोन खाती अशी दुप्पट-निम्मी दिसू लागली, तर आलेखाने काय साधले? एखादी पाकळी बाहेर ओढून दाखवण्यानेही आकाराचा अंदाज बिघडतो. मध्ये पोकळी असलेला डोनट प्रकार मात्र चालतो; पोकळीत एकूण रक्कम लिहिता येते, हा त्याचा खरा उपयोग आहे.

रंगांचे उत्तर थोडक्यात. अहवाल बहुतेक संस्थांत झेरॉक्स काढून वाटला जातो, त्यामुळे लाल आणि हिरवा दोन्ही एकाच राखाडी छटेत उतरतात. काही सभासदांना रंगीत प्रतीतही या दोहोंतला फरक कळत नाही. एकाच रंगाच्या गडद ते फिकट छटा घ्या, पाकळ्यांमध्ये पांढरी रेघ ठेवा, आणि नाव व टक्के पाकळीवर किंवा तिच्या लगत लिहा. रंगांची वेगळी सूची देऊ नका. ती वाचताना नजर सतत ये-जा करते. रकमा आधी उतरत्या क्रमाने लावा, म्हणजे सर्वांत मोठी पाकळी घड्याळाच्या बारापासून सुरू होऊन पुढच्या क्रमाने येतील. किरकोळ खात्यांचा गट, तो कितीही मोठा असला तरी, शेवटी ठेवा. अहवाल फक्त पडद्यावर दाखवणार असाल, तर रंगांना थोडी मोकळीक आहे, पण मागच्या रांगेतून वाचता येतील एवढी अक्षरे हवीतच.

तर तुमच्या पानावर मी असे करीन. वरच्या भागात प्रत्यक्ष खर्चाचा पाच पाकळ्यांचा एकच वृत्तालेख, शीर्षकात वर्ष आणि 'निधींतील वर्गणी वगळून' हे शब्द, खाली एकूण रक्कम. त्याखाली त्याच पाच गटांचे या आणि गेल्या वर्षीचे आडवे जोडस्तंभ, रुपयांत. समोरच्या पानावर निधी सोडून उरलेल्या सगळ्या खात्यांचा तक्ता: गेल्या वर्षीची रक्कम, यंदाची रक्कम, फरक. पाणीपट्टी किंवा सुरक्षा यांपैकी एखादा विषय तुमच्याकडे वादाचा असेल, तर त्या खात्याला गटातून काढून स्वतंत्र पाकळी द्या, म्हणजे काही दडवल्याची शंका राहणार नाही. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी यांसाठी वर्षारंभीची शिल्लक, वर्षातील वर्गणी, मिळालेले व्याज, वापरलेली रक्कम आणि वर्षाखेरची शिल्लक असा पाच ओळींचा वेगळा तक्ता द्या. छपाईला देण्यापूर्वी आलेखातली एकूण रक्कम आणि लेखापरीक्षित उत्पन्न-खर्च पत्रकातली रक्कम एकदा समोरासमोर ठेवून ताडून पाहा. निधी वगळल्यामुळे फरक पडत असेल, तर तो किती आणि का, हे आलेखाखाली एका ओळीत लिहा.